चोक ओढण्याआधी

मार्गशीर्षातल्या अमावास्येला भालकी, औराद, आळंद, निलंगा, उमरगा या सगळ्या पट्ट्यात येळवस म्हणतात. त्या दिवशी पहाटेपासून घराघरांत भज्जी रटरटत असते, बाजरीचे उंडे वळून झालेले असतात, आंबिलीच्या मडक्याला फडके बांधलेले असते. शेतात कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा मांडायची आणि पै-पाहुण्यांसह तिथेच जेवायचे, म्हणून गावेच्या गावे रानाकडे निघतात. नेमक्या अशा सकाळी पत्र्याच्या शेडमधली जुनी पद्मिनी किंवा चोकवाली मारुती ८०० चालू होत नाही. सेल्फ दोन-तीनदा जड घरघरतो, दमतो आणि मग नुसता ‘टिक्’ वाजतो.

पुढचा क्रम ठरलेला. अॅक्सिलरेटर दाबून दाबून पाय दुखतो, चोक पुरता ओढला जातो, चार जण मागून धक्का देतात. एवढ्याने भागले नाही की मिस्त्री येतो आणि कार्बोरेटर खोलतो. पुष्कळदा दोष दुसरीकडेच असतो. खोललेला कार्बोरेटर मात्र पूर्वीसारखा बसत नाही.

याच पट्ट्यातले बीदर हे कर्नाटकातल्या थंड शहरांपैकी एक. तांबड्या जांभ्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून २००० फुटांहून उंच वसलेल्या या गावात ५ जानेवारी १९०१ रोजी पारा २.९ अंश सेल्सिअसपर्यंत उतरल्याची नोंद आहे. पण ती विक्रमी थंडी. डिसेंबरमधले रोजचे किमान तापमान सरासरीने १६ अंशांच्या आसपास असते, थंडीची लाट आली की ते आणखी उतरते. आता गाड्यांकडे पाहा. पद्मिनीचा मूळ नमुना इटलीतल्या फियाटचा, ८०० चा जपानच्या सुझुकीचा. दोन्ही देशांत हिवाळ्यात बर्फ पडतो आणि तिथेही ही इंजिने सकाळी चालू होत. मग बारा-पंधरा अंशांना गाडी अडते, ती थंडीमुळे म्हणता येत नाही. गाडीत आधीपासून एक-दोन बारीक दोष असतात, उन्हाळ्यात ते निभावून जातात आणि थंडीत उघडे पडतात. ते शोधायचे कसे, हा खरा प्रश्न आहे.

या गाड्यांचे आणि या मुलखाचे नाते जुने आहे. पद्मिनी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये उभी केली आणि वालचंद मूळचे शेजारच्या सोलापूरचे. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट निघू लागली आणि पुढच्या दशकात तिचेच नाव पद्मिनी झाले. तिच्यात १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन होते. डिसेंबर १९८३ मध्ये ७९६ सीसीची, तीन सिलिंडरची मारुती ८०० आली. सन २००० च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले, ८०० मध्येही कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन बसले आणि चोकची दांडी डॅशबोर्डवरून गेली. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीने ३० ऑक्टोबर २०२३ रोजी निरोप घेतला. घरची गाडी म्हणून हौसेने जपलेल्या पद्मिनी आणि ८०० मात्र अजून आहेत, आणि त्यांना थंडीत सांभाळायला कॉम्प्युटर नाही. ते काम चालवणाऱ्याचेच.

इंजिनात द्रव पेट्रोल जळत नाही, जळते ती त्याची वाफ. इंजिन गरम असताना १४-१५ भाग हवेला एक भाग पेट्रोल (वजनाने) पुरते. थंड इंजिनात पेट्रोलचे थेंब मॅनिफोल्डच्या गार भिंतींना चिकटून राहतात, वाफ थोडीच होते आणि सिलिंडरमध्ये पोचणारे मिश्रण पेट घेत नाही. म्हणून सुरुवातीला पेट्रोल कितीतरी जास्त सोडावे लागते. चोक नेमके हेच करतो. कार्बोरेटरच्या गळ्यातली पाकळी हवेची वाट अडवते, आतली ओढ वाढते आणि जेटमधून जास्त पेट्रोल खेचले जाते.

सोलेक्सच्या काही जुन्या कार्बोरेटरमध्ये अशी पाकळी नसते. थंडीत चालू करण्यासाठी बाजूला एक स्वतंत्र मार्ग असतो आणि दांडी ओढली की एक चकती फिरून तो उघडतो. या मार्गाला ओढ मिळते ती थ्रॉटल बंद असेल तरच. अशा गाडीत चोक ओढून पाय अॅक्सिलरेटरवर ठेवला, की ओढ मोडते आणि गाडी चालू होत नाही. पाकळीवाल्या गाडीला उलट एक-दोनदा पेडल दाबून थोडे पेट्रोल आधी देणे चालते. एकाच गल्लीतल्या दोन गाड्यांची सवय अशी वेगवेगळी असू शकते, म्हणून आपल्या गाडीत कोणती घडण आहे हे मिस्त्रीला एकदा विचारून घ्यावे.

तपासणीची सुरुवात मात्र बॅटरीपासून. गारठ्यात तिच्या आतली रासायनिक क्रिया मंदावते आणि त्याच वेळी इंजिनातले ऑइल दाट झाल्याने सेल्फवर जास्त भार येतो. पूर्ण चार्ज असलेली १२ व्होल्टची बॅटरी निवांत असताना १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे ती जवळपास अर्धी उतरली. मीटर नसेल तर हेडलाइट लावून सेल्फ मारावा. लाइट एकदम विझत आला तर बॅटरी उतरली आहे किंवा तिची टोके खराब झाली आहेत. टोकांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड साचली असेल तर तारा सोडवून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने ती धुवावी आणि नट घट्ट आवळावेत. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टीही पाहावी. गंजलेल्या पट्टीपायी चांगल्या बॅटऱ्या बदलल्या जातात.

बॅटरीनंतर करंट. प्लगला ठिणगी देणारी पॉइंट आणि कॉइलची रचना रूढ करणारा अमेरिकी इंजिनिअर चार्ल्स केटरिंग. १९१२ च्या कॅडिलॅकला विजेचा सेल्फ बसवणाराही तोच. दोन्ही यंत्रणा एकाच बॅटरीवर जगतात आणि थंडीतली अडचण इथेच आहे. सेल्फ जोर लावतो तेव्हा व्होल्टेज पडते आणि कॉइलला कमी वीज मिळते. त्यात प्लगची फट झिजून वाढलेली असेल, पॉइंट जळून खडबडीत झाले असतील, डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत दव साचले असेल, तर ठिणगी पडतच नाही. पॉइंटची फट जेमतेम अर्धा मिलिमीटर असते आणि ती फीलर गेजने मोजूनच ठेवावी लागते. नवे पॉइंट पुन्हा पुन्हा जळत असतील तर कंडेन्सर बदलायला झाला आहे.

सगळ्यात जास्त माहिती देतो तो प्लग. चालू न होणाऱ्या गाडीचा प्लग लगेच काढून पाहावा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल येते आहे, पण ठिणगी नाही किंवा चोक जास्त झाला. काजळी धरली असेल तर गाडी बरेच दिवस जास्त पेट्रोल पीत आहे. पन्नास पैशांएवढ्या जागेवरची ही खूण वाचली, तर निम्मे काम वाचते.

प्लग कोरडा निघाला तर एक प्रश्न विचारावा. गाडी रोज सकाळी अडते, की आठ-दहा दिवस उभी राहिल्यावरच? उभी राहिल्यावर अडत असेल तर कार्बोरेटरमधल्या फ्लोटच्या वाटीतले पेट्रोल उडून गेलेले असते आणि ती भरेपर्यंत सेल्फ मारावा लागतो. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये अर्धा मिनिट थांबावे. रोजच अडत असेल तर पेट्रोल ओढणाऱ्या एसी पंपाचा डायफ्रॅम, पाइपच्या चिरा आणि फिल्टर तपासावा. प्लग ओला निघाला तर चोक आत ढकलून अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरावा आणि पाच-सहा सेकंद सेल्फ मारावा. साचलेले पेट्रोल हवेबरोबर बाहेर पडते.

अलीकडे या अडचणींत इथेनॉलची भर पडली आहे. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बंगळुरूत वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल बाजारात आणण्याची सुरुवात झाली. इथेनॉल उसापासूनही बनते आणि ऊस हे मांजरा-कारंजाच्या खोऱ्यातले महत्त्वाचे पीक, त्यामुळे इथल्या शेतकऱ्याला त्याचे अप्रूप आहे. जुन्या गाडीला ते तितकेसे मानवत नाही. वाफ व्हायला इथेनॉलला पेट्रोलच्या अडीच पटीच्या आसपास उष्णता लागते, त्यामुळे गारठ्यात वाफ आणखी कमी होते. त्याला जळायला हवा कमी लागते, म्हणून जुन्या मापाच्या जेटमधून येणारे मिश्रण पातळ पडते. ते पाणी शोषून घेते आणि जुन्या रबराचे सील, डायफ्रॅम खराब करते. गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर टाकी अर्धी रिकामी ठेवू नये, आणि रबराचे भाग इथेनॉल सोसणारेच घ्यावेत.

बॅटरी, ठिणगी, पेट्रोल ठीक असूनही गाडी अडली, तर मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून जादा हवा शिरते का ते पाहावे, मग कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. कार्बोरेटरची पाळी यानंतर.

दोन गोष्टी मात्र कुणीही करू नयेत. बाटलीच्या झाकणाने कार्बोरेटरच्या गळ्यात पेट्रोल ओतून सेल्फ मारण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. इंजिन उलटे फुरफुरले की ज्वाळ थेट तोंडावर येते. आणि बंद शेडमध्ये चोक ओढून गाडी तापवत ठेवू नये. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि तो माणसाचा जीव घेतो.

ज्यांच्या दारात अशी गाडी उभी आहे, त्यांनी येळवशीची वाट न पाहता दिवाळी उरकली की एक सकाळ तिच्यासाठी काढावी. बॅटरीची टोके धुवावीत, प्लग आणि पॉइंटची फट मोजावी, पेट्रोलचा पाइप बोटांनी चाचपून पाहावा, चोकची दांडी पूर्ण आत जाते ना हे बघावे. मिस्त्रीने पान्हा कार्बोरेटरला लावण्याआधी त्याला प्लग काढून दाखवायला सांगावे.