स्वच्छ पाण्यातले मरण

आमच्या काचेच्या पेटीतला तिसरा ऑस्कर मेला तेव्हा आई म्हणाली, "पाणी नीट बदलत जा." मी दुकानदाराला दोष दिला. दोघेही चुकलो होतो.

ऑस्कर हा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला शिकारी मासा; बघता बघता फूटभर वाढतो. खादाड, म्हणून घाणही तेवढीच. त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो; उरलेले खाणे कुजले की त्यात भर. हे विष डोळ्यांना दिसत नाही, पाणी नितळच असते! वाळूवर व गाळणीच्या स्पंजात राहणारे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि त्याचे पुढे बरेच सौम्य नायट्रेट करतात. मधले नायट्राइटही घातक. त्याने रक्त प्राणवायू वाहू शकत नाही आणि मासा पाण्यातच गुदमरतो. जिवाणूंची ही वसाहत जमायला महिना-दीड महिना लागतो.

आणि मी? दर रविवारी सगळे पाणी फेकून वाळू, स्पंज नळाखाली खळखळून धूत असे. उरलेसुरले जिवाणू नळाच्या पाण्यातले क्लोरीन मारी.

आता चौथाई पाणीच बदलतो, तेही क्लोरीन काढून; स्पंज पेटीतल्याच पाण्यात पिळतो. खाणे निम्म्यावर आणले आहे. चौथा ऑस्कर त्यावर नाराज दिसतो, पण वर्षभर टिकला आहे.