वारा पाठीशी घेताना

ग्लायडर चालवायला शिकत असताना, एकदा कमी उंचीवर मी वळण घेऊन वारा पाठीशी घेतला. खालची शेते एकदम भराभर पळू लागली. वेग फार वाढला असे वाटून मी दांडा मागे ओढला. मागच्या आसनावरून प्रशिक्षक ओरडले, "अहो, जमिनीकडे काय बघता? काट्याकडे बघा!" वेगाचा काटा धोक्याच्या खुणेपाशी आला होता.

वैमानिकांत एक जुना समज आहे : वारा पाठीशी घेणारे वळण विमानाचा हवेतला वेग खाते. वारा एकसारखा असेल, तर हे खरे नाही. हवेच्या तुलनेत विमानाचा वेग ताशी १०० किलोमीटर आणि वारा ३० चा धरू. वाऱ्याला सामोरे जाताना जमिनीवरून वेग ७० दिसतो, वळल्यावर १३०. हवेतला वेग मात्र १०० च राहतो. कारण वळण घेतले जाते ते वाहत्या हवेत, जमिनीवर नव्हे. धावत्या गाडीच्या डब्यात चहावाला मागे वळतो, तेव्हा त्याला गाडीच्या वेगाचा हिशेब करावा लागत नाही. गॅलिलिओने १६३२ मध्ये जहाजाच्या बंद खोलीतल्या फुलपाखरांचा दाखला देऊन हेच सांगितले होते.

मग वारा निरुपद्रवी आहे का? नाही. जमिनीलगत घर्षणामुळे वारा मंद असतो, उंचीबरोबर वाढतो. वाऱ्याला सामोरे उतरताना समोरचा वारा झपाट्याने कमी झाला, तर हवेतला वेग खरोखर घटतो. हा दोष वळणाचा नव्हे, वाऱ्यातल्या फरकाचा. लॉर्ड रॅले यांनी १८८३ मध्ये दाखवले, की एकसारख्या आडव्या वाऱ्यातून पक्ष्याला पंख न हलवता तरंगत राहता येत नाही. समुद्रावरचा अल्बट्रॉस वाऱ्याच्या थरांमधल्या फरकावरच जगतो.

खरा घात डोळे करतात. पळती जमीन पाहून आपण वेग कमी करतो, आणि त्याच वेळी वळणात विमानाला जास्त वेग हवा असतो. उंची राखून ४५ अंश कलले, तर पंखांचा आधार सुटण्याचा वेग सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो. ६० अंशांवर ४१ टक्क्यांनी. उंची कमी असेल, तर चूक सुधारायला जागा उरत नाही.

त्या दिवशी मी दांडा पुढे केला. काटा वर आला. शेते तशीच पळत होती. मी त्यांच्याकडे पाहिले नाही.