पळसावरील भोरड्या
माघ सरून फाल्गुन लागला की पळस व पांगारा फुलतात आणि त्यांवर भोरड्यांचे थवे उतरू लागतात. साळुंकीच्या कुळातील हा पक्षी. डोके, पंख व शेपटी काळी, पाठ व पोट गुलाबी. यासच पळसमैना असेही म्हणतात. मध पिताना याच्या कपाळास पराग चिकटतात व ते झाडोझाडी पोहोचतात.

भोरडी येथील रहिवासी नव्हे. मध्य आशिया व पूर्व युरोपातून ती पावसाळ्याच्या उत्तरार्धात येते व चैत्राच्या सुमारास परतते. उजनी जलाशयाच्या परिसरात सायंकाळी तिचे हजारोंचे थवे आढळतात. रब्बी ज्वारी चिकात असताना असा थवा कणसांवर पडला तर नुकसान मोठे होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. माळ्यावरची राखण व गोफण हाच त्यावर जुना व खरा उपाय होय. सकाळी आणि मावळतीपूर्वी पक्षी अधिक खातात. राखणही त्या वेळी कडक असावी. मागाहून पेरलेले एकटे शेत अधिक सापडते, म्हणून शिवारातील पेरणी शक्यतो एकाच सुमारास उरकावी.

विषारी दाणे मात्र टाकू नयेत. त्यांनी चिमण्या, तित्तर व घरच्या कोंबड्याही मरतात. शिवाय भोरडी नाकतोडे व अळ्या खाते. पिलांना तर मुख्यतः टोळच भरवते. चीनच्या शिंजियांग प्रांतात टोळांस आळा घालण्यासाठी १९८० च्या दशकापासून तिला मुद्दाम घरटी बांधून दिली जातात. ज्वारी खळ्यावर गेल्यानंतर पळसावर दिसणारा थवा हुसकावण्याचे कारण नाही.