माळ विझली, वीज नाही

डिसेंबर लागला की वसईच्या वाड्यांतून, वांद्र्याच्या गल्ल्यांतून, पुण्याच्या कॅम्पात नि गोव्यात तर गावोगाव कागदी तारे चमकू लागतात. अंगणात गव्हाण सजते, सज्जाच्या कठड्यावरून रंगीत दिव्यांची माळ खाली उतरते. आणि ज्यांच्या घरी नाताळ नाही, त्यांनी तरी दिवाळीतली माळ कुठे उतरवलेली असते? "राहू दे गं, मुलांना आवडते," म्हणत ती महिनाभर तिथंच लोंबत असते.

माळा आणायची हौस आपली. पण त्या लावायच्या नि बिघडल्या तर दुरुस्त करायच्या म्हणजे "ह्यांना सवड होईल तेव्हा", नाहीतर कोपऱ्यावरच्या वायरमनला हाक. विजेचं काम आपलं नव्हे असं आपण धरूनच चालतो. पण मैत्रिणींनो, जरा विचार करा. रोज संध्याकाळी ती माळ लावतं कोण? सकाळी त्याच कठड्यावरच्या कुंड्यांना पाणी कोण घालतं? त्याच दांडीवर ओले कपडे कोण वाळत घालतं? मग त्या माळेच्या पोटात काय चालतं हे घरात सगळ्यांत आधी कुणाला कळायला हवं, तुम्हीच सांगा!

एका दोऱ्यात ओवलेले दिवे

विजेची माळ काही कालची नाही. डिसेंबर १८८२ मध्ये न्यूयॉर्कला एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी आपल्या घरच्या नाताळवृक्षावर लाल, पांढरे आणि निळे असे ८० विजेचे दिवे लावले होते. आज आपल्या हाती येणारी माळ पुष्कळ स्वस्त नि सुटसुटीत झाली आहे.

छोट्या बल्बांची जुनी माळ घ्या. प्लगच्या एका पिनेतून निघालेली तार पहिल्या बल्बात शिरते, तिथून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या, असं करत शेवटच्या बल्बातून बाहेर पडून दुसऱ्या पिनेकडे परत येते. फुलं जशी एकाच दोऱ्यात ओवावीत तसे हे बल्ब. आपल्या घरची वीज २३० व्होल्टची. माळेत ४० बल्ब असले तर प्रत्येकाच्या वाट्याला पावणेसहा व्होल्ट येतात, म्हणून एवढासा बल्ब तग धरतो. आणि म्हणूनच एक बल्ब गेला की दोरा तुटल्यासारखी सगळी माळ विझते. काही बल्बांत तार तुटली तरी वाट मोकळी ठेवणारी सोय असते. त्या माळेत फक्त तेवढाच दिवा विझतो. पण साध्या माळेत ही सोय नसते.

आता नीट लक्ष द्या, बरं का! माळ विझली म्हणजे तिच्यातली वीज गेली, असं मुळीच नाही. नळ बंद असला तर पाणी वाहत नाही, पण टाकीतल्या पाण्याचा सगळा दाब तोटीपाशी येऊन उभा असतोच ना? तसंच हे. माळ पेटलेली असताना एकेका बल्बावर जेमतेम पावणेसहा व्होल्ट असतात. पण ती विझली, की जिथं दोरा तुटला त्या जागेच्या दोन टोकांमध्ये २३० च्या २३० व्होल्ट येऊन थांबतात. बल्ब उपसून रिकाम्या सॉकेटात बोट घालणं किंवा सुट्या तारा हातानं पिळणं म्हणजे सरळ भिंतीतल्या प्लगमध्ये बोट घालणं. विझलेली माळ पेटत्या माळेपेक्षा जपून हाताळायची ती यासाठी.

"पण मी बटण बंद केलं होतं," असंही आपण म्हणतो. माळेबरोबरच्या डबीवरचं बटण दिवे लुकलुकवण्यासाठी असतं, वीज तोडण्यासाठी नव्हे. भिंतीवरच्या बटणाचंही जुन्या घरात खात्रीनं सांगता येत नाही. कधी ते चुकून न्यूट्रलच्या तारेवर बसवलेलं असतं. मग बटण बंद केल्यावर दिवे विझतात, पण माळेत वीज राहतेच. तेव्हा नियम एकच: माळेला हात लावण्यापूर्वी प्लग उपसायचा, आणि तो आपल्या डोळ्यांसमोर ठेवायचा, म्हणजे दुसरं कुणी येऊन लावायला नको.

लावण्यापूर्वी

दिवाळीची माळ चार-पाच दिवसांची पाहुणी. नाताळातली मात्र डिसेंबरच्या सुरुवातीला चढते ती ६ जानेवारीला तीन राजांचा सण होईपर्यंत उतरत नाही. पाऊस नसला तरी रात्रभर दंव पडतं, आणि समुद्राकाठी खारी हवा तांब्याच्या तारांवर हिरवा गंज चढवते. म्हणून बाहेर लावायची माळ बाहेरचीच हवी.

खोक्यावर 'आयपी' या अक्षरांपुढे दोन आकडे असतात. त्यांतला दुसरा आकडा पाण्याचा. तो शून्य असेल, उदाहरणार्थ आयपी २०, तर ती माळ घरात, देवघरात किंवा गव्हाणीजवळ लावा. आयपी ४४ म्हणजे उडालेलं पाणी सोसणारी, आणि आयपी ६५ म्हणजे पाण्याचा फवारा सोसणारी. सज्जासाठी निदान ४४ तरी असावा. शिवाय भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह पाहून घ्या.

मागच्या वर्षीची माळ असेल तर ती दिवसाउजेडी, प्लग न लावता, सतरंजीवर पसरा. सगळी वायर एकदा बोटांतून सरकवत जा. कुठे आवरण तडकलंय का, उंदरानं कुरतडलंय का, प्लगपाशी वायर सैल झालीय का, ते पाहा. वायर कुरतडलेली असेल तर ती माळ बाहेर लावू नका. वरून चिकटपट्टी गुंडाळली म्हणजे काम झालं असं नाही. दंवाचं पाणी चिकटपट्टीच्या खालून हळूच आत शिरतं. माळ धडधाकट दिसली तर घरातच कोरड्या जागी दहा-पंधरा मिनिटं लावून ठेवा. डबी फार तापली किंवा जळका वास आला, तर तिचा मोह सोडलेलाच बरा.

टांगताना

• आधी सुतळीनं माप घ्या. माळ ताणून बसवली की सांधे निसटतात. थोडा झोळ राहिलाच पाहिजे.

• खिळा, चुका, लोखंडी यू-क्लिप वायरवर ठोकू नका. प्लास्टिकचे हुक, कपड्यांचे प्लास्टिकचे चिमटे किंवा सुतळी पुरे.

• लोखंडी कठड्याला माळ घट्ट आवळून बांधू नका. वायरचं आवरण कुठे सोललं तर सगळा कठडाच विजेचा होतो, आणि त्याच कठड्याला धरून मुलं रस्त्यावरची मजा बघत असतात. आधी बांबूची किंवा पीव्हीसीची काठी बांधून त्यावर माळ सोडा.

• प्लग आणि एक्स्टेन्शन बोर्ड घरातच ठेवा. बाहेरून येणारी वायर प्लगकडे सरळ उतरू देऊ नका. आधी ती खाली झोळ घेऊन मग वर चढली पाहिजे. म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी थेंबाथेंबानं गळून जाईल, प्लगमध्ये शिरणार नाही. खिडकीच्या फटीत वायर चेंगरणार नाही, हेही पाहा.

• कागदी तारा असो की आकाशकंदील, भार सुतळीवर घ्या, वायरवर नको. आत जुना ६० वॅटचा बल्ब असेल तर कागद करपतो. ५ ते ९ वॅटचा एलईडी बल्ब पुरेसा उजेड देतो नि तापतोही कमी.

• माळेला माळ जोडत जाऊ नका. किती जोडता येतात ते खोक्यावर दिलेलं असतं; दिलेलं नसेल तर एकच.

• उंचावरचं काम असेल तर लाकडी शिडी घ्या, आणि खाली धरायला एक माणूस हवाच. घरावर येणाऱ्या विजेच्या तारांच्या आसपास शिडी नको, की काठीही नको.

आणि एक खर्च करण्याजोगा आहे. तुमच्या मेनबोर्डावर आरसीसीबी आहे का, ते पाहून घ्या. एमसीबी घरातल्या वायरिंगची राखण करतो, माणसाची नाही. माणसाच्या अंगातून वीज जमिनीकडे जाऊ लागली की ती क्षणात तोडणारा तो आरसीसीबी. घरासाठी ३० मिलिअँपिअरचा घेतात. त्यावर 'टी' लिहिलेलं एक बटण असतं. माळा लावण्यापूर्वी ते दाबून पाहा. खटका पडला तर राखणदार जागा आहे. नसेल, तर वायरमनला बोलवायचंच आहे तर या कामासाठी बोलवा.

बिघडली तर

बल्बांची माळ विझली की आपल्याकडे एक सोपा उपाय करतात: गेलेला बल्ब कापून टाकायचा नि दोन तारा एकमेकींना पिळायच्या. माळ पेटते, सगळे खूष! पण हिशेब करून पाहा. ४० पैकी ५ बल्ब असे काढले की उरलेल्या ३५ जणांना तेच २३० व्होल्ट वाटून घ्यावे लागतात. प्रत्येकाच्या वाट्याला साडेसहाच्या वर. १० काढले की साडेसातच्याही वर. बल्ब जास्त झगझगतात, जास्त तापतात आणि भराभर जाऊ लागतात. एकत्र कुटुंबातली चार माणसं गेली नि काम तेवढंच राहिलं, तर उरलेल्यांचं काय होईल? तसंच हे. शिवाय पिळलेला उघडा सांधा ओल्या कठड्यावर पडलेला असतो, तो वेगळाच. म्हणून बल्ब गेला तर त्याच व्होल्टचा दुसरा बल्ब बसवा. ते जमत नसेल तर माळ बदला.

गेलेला बल्ब शोधायचा कसा? वायरमन चालू माळेवर टेस्टर टेकवत जातो. ती रीत त्याच्यापाशीच राहू द्या. बल्ब उपसून काढता येण्याजोगे असतील तर प्लग काढा, चांगला असल्याची खात्री असलेला एक बल्ब एकेका जागी बसवा, मग प्लग लावून पाहा. दर खेपेला प्लग काढायला विसरू नका. घरात मल्टिमीटर असेल तर काम आणखी लवकर होतं, आणि तेही माळ विजेला न लावता. डबी नसलेल्या साध्या माळेतला मधला, विसावा बल्ब काढा. मीटर ओहमवर ठेवून एक सळई प्लगच्या पिनेला आणि दुसरी त्या रिकाम्या सॉकेटातल्या पट्ट्यांना आळीपाळीनं लावा. मग दुसऱ्या पिनेशीही तसंच करा. ज्या पिनेशी काटा हलला, तिच्या बाजूची अर्धी माळ ठीक. बिघाड उरलेल्या वीस बल्बांत. पुन्हा त्यांच्या मधला बल्ब काढा. असं निम्मं निम्मं करत गेलात तर ४० बल्बांत गेलेला एक बल्ब पाच-सहा खेपांत सापडतो. तांदूळ निवडण्यापेक्षा सोपं!

एलईडीच्या माळेचं थोडं निराळं असतं. तिच्यात बहुतेक वेळा दोन-चार ओळी वेगवेगळ्या डबीला जोडलेल्या असतात. त्यामुळे एखादा दिवा गेला की सगळी माळ न विझता तिचा एक भाग किंवा एक रंग काळोखात जातो. प्लग काढून त्या भागातले दिवे हलकेच दाबून पाहा; पुष्कळदा एखादी तार नुसती सैल झालेली असते. दिवा बदलायचाच झाला तर दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक, त्याला उलटं-सुलटं असतं; नव्या दिव्याचा लांब पाय धन बाजूचा. दुसरी, लाल-पिवळ्याला साधारण २ व्होल्ट लागतात, तर निळ्या, हिरव्या नि पांढऱ्याला ३ च्या आसपास, म्हणून बदली त्याच रंगाची हवी. पण हे काम डाग देता येणाऱ्याचं. कुणाला येत नसेल तर जीव टांगणीला लावू नका. आणि डबीच बिघडली असेल तर ती उघडत बसू नका.

वेळ आलीच तर

कुणाला माळेचा धक्का बसला तर धावत जाऊन त्या माणसाला धरू नका. आधी मेनस्विच बंद करा. ते जमलं नाही तर कोरड्या लाकडी काठीनं वायर दूर सारा. माणूस शुद्धीवर नसेल तर लगेच १०८ किंवा ११२ वर फोन करा. श्वास थांबला असेल तर मदत येईपर्यंत छातीच्या मध्यावर जोरानं, भराभर दाब देत राहा. धक्का किरकोळ वाटला तरी डॉक्टरांना दाखवून या.

सण झाल्यावर

माळा उतरवताना ओढू नका. कोरड्या फडक्यानं पुसा, एक दिवस घरातल्या हवेवर ठेवा आणि जाड पुठ्ठ्यावर गुंडाळा. टोकाशी खाच पाडून प्लग त्यात अडकवा. राखीव बल्ब काड्यापेटीत घालून तिथंच चिकटवा. पुठ्ठ्यावर लिहून ठेवा: "चालू", "एक ओळ बंद" किंवा "फक्त घरात". पुढच्या वर्षी शिडीवर चढल्यावर गुंता सोडवत बसावं लागणार नाही. टाकायची माळ कचऱ्याच्या डब्यात न घालता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

आता पुढच्या वेळी माळ विझली नि घरातलं कुणी "बघू बघू" म्हणत तिला हात लावायला निघालं, तर आधी विचारा, "प्लग काढलाय का?" आणि स्वतः उठून काढाच.