लोकांच्या दोन मोटारी

मोटार म्हणजे श्रीमंतांचे वाहन, हा समज ज्यांनी मोडून काढला त्या दोन गाड्यांची तुलना मोठी उद्बोधक आहे. पहिली अमेरिकेतील फोर्डची ‘मॉडेल टी’. दुसरी जर्मनीची फोक्सवॅगन, म्हणजे ‘लोकांची गाडी’. भुंग्यासारख्या आकारामुळे जगाने तिला ‘बीटल’ म्हटले.

‘मॉडेल टी’ १९०८ साली आली तेव्हा किंमत ८५० डॉलर होती. इंजिन वीस अश्वशक्तीचे. ते सुरू करायला समोर उभे राहून हँडल फिरवावे लागे. टाकी आसनाखाली, आणि पेट्रोल इंजिनाकडे जाई ते आपल्या वजनानेच; त्यामुळे टाकी रिकामी होत आली, की मोठा चढ उलट्या गतीने चढावा लागे! १९१३ मध्ये फोर्डने सरकता पट्टा आणला. माणसाने गाडीकडे जायचे नाही, गाडीनेच माणसापुढे यायचे. साडेबारा तासांची जोडणी दीड तासावर आली. मात्र काम इतके कंटाळवाणे, की माणसे टिकेनात. म्हणून १९१४ मध्ये दिवसाला पाच डॉलर मजुरी जाहीर झाली. किंमत उतरत उतरत २६० डॉलरवर आली आणि १९२७ पर्यंत दीड कोटी गाड्या तयार झाल्या.

बीटलची आखणी फर्डिनांड पोर्शे यांची. इंजिन पाठीमागे आणि हवेने थंड होणारे. पाणीच नाही, मग हिवाळ्यात गोठणार काय आणि उन्हाळ्यात उकळणार काय? हिटलरच्या राजवटीने ती ९९० मार्कांत देऊ केली. आठवड्याला पाच मार्कांचे तिकीट घेऊन कार्डावर चिकटवायचे. तीन लाखांहून अधिक लोकांनी पोटाला चिमटा काढून पैसे भरले. १९३९ मध्ये युद्ध पेटले. कारखान्यातून बाहेर पडली ती लष्करी वाहने, तीही वेठीला धरलेल्या मजुरांच्या हातून. पैसे भरणाऱ्यांपैकी एकालाही गाडी मिळाली नाही! कोर्टकचेऱ्या करून १९६१ मध्ये त्यांच्या पदरी पडली ती नव्या गाडीवर सहाशे मार्कांपर्यंतची सूट, किंवा रोख शंभर मार्क.

युद्धानंतर ब्रिटिश अधिकाऱ्यांनी तोच कारखाना सुरू केला. १९५५ मध्ये दहा लाखावी बीटल निघाली, १७ फेब्रुवारी १९७२ रोजी तिने ‘मॉडेल टी’चा विक्रम मोडला, आणि २००३ मध्ये मेक्सिकोत शेवटची गाडी बाहेर पडेपर्यंत संख्या दोन कोटी पंधरा लाखांवर गेली.

मग श्रेष्ठ कोणती? लांबच्या प्रवासाला निघायचे, तर बीटलच बरी. पण ‘लोकांची गाडी’ हे नाव आधी सार्थ केले ते ‘मॉडेल टी’ने. बीटलला ते बारशातच मिळाले होते. खरे झाले ते मात्र, नाव ठेवणारे गेल्यावर.