वाहनें धुण्याच्या धंद्यांतील दर व खर्च

हल्लीं तालुक्याच्या गांवाकडे जाणाऱ्या कोणत्याही रस्त्यानें गेलें असतां थोड्याथोड्या अंतरावर ‘वॉशिंग सेंटर’ अशी पाटी दृष्टीस पडते. शेताच्या बांधालगत सिमेंटचा एक रॅम्प, पाण्याची टांकी, प्रेशर पंप व त्याची गन, एवढ्या सामानावर हा धंदा उभा राहतो. रस्त्याकडेची जमीन घरची, विहिरीचें पाणी घरचें व राबणारा मुलगाही घरचा. मग खर्च तो काय, अशा समजुतीनें पुष्कळ शेतकरी कुटुंबें या धंद्यांत उतरतात. पहिल्या वर्षीं रोज रोकड हातांत येते व धंदा उत्तम चालला आहे असें वाटतें. पुढें चौथ्या-पांचव्या वर्षीं पंप निकामी होतो, आणि नवा घ्यावा म्हणून पाहूं लागावें तों पेटी रिकामी असते. असें कां होतें, व तें टाळण्यासाठीं दर कसा ठरवावा, याचा विचार या लेखांत करूं.

आपण शेतकरी हमीभावाची चर्चा करतों तेव्हां एक गोष्ट आग्रहानें सांगतों. सन १९६५ मध्यें स्थापन झालेला व १९८५ पासून कृषि खर्च व मूल्य आयोग या नांवानें ओळखला जाणारा आयोग पिकाचा खर्च निरनिराळ्या प्रकारें मांडतो. ‘ए-२’ या खर्चांत प्रत्यक्ष पदरचा खर्च व अवजारांचा घसारा येतो. त्यांत घरच्या माणसांच्या श्रमाची किंमत मिळविली म्हणजे ‘ए-२ अधिक एफएल’ हा खर्च होतो. आणि ‘सी-२’ मध्यें त्याशिवाय स्वतःच्या जमिनीचा खंड व स्वतःच्या भांडवलावरील व्याजही धरतात. हमीभाव ‘सी-२’ वर द्यावा, कारण आमचे श्रम व आमची जमीन फुकटची नाही, असें आपलें म्हणणें असतें, आणि तें रास्त आहे. परंतु तोच शेतकरी रस्त्यावर धंदा मांडून बसला म्हणजे स्वतःचे श्रम, स्वतःची जागा व यंत्राची झीज यांपैकीं कांहींही हिशेबांत धरीत नाहीं. सरकारनें मोजावें म्हणून आपण ज्याची मागणी करतों, तें आपणच मोजीत नाहीं. तोट्याचें मूळ येथें आहे.

आतां हिशेब मांडून पाहूं. पुढील आंकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येकानें आपले आंकडे त्यांच्या जागीं घालावे. समजा, पंप, मोटार, नळी व गन यांस ६०,००० रुपये लागले. व्हॅक्यूम व हवेचा कॉम्प्रेसर यांस ६०,०००. आणि रॅम्प, टांकी व तेल-गाळ अडविणारा हौद यांस १,२०,०००. एकूण भांडवल २,४०,००० रुपये. यंत्रें पांच वर्षें व बांधकाम दहा वर्षें टिकेल असें धरलें, तर वर्षाचा घसारा यंत्रांचा २४,००० व बांधकामाचा १२,००० मिळून ३६,००० होतो. भांडवल हळूहळू वसूल होत असल्यामुळें सरासरीनें त्याचा निम्मा भाग, म्हणजे १,२०,००० रुपये, गुंतून राहतो. त्यावर दर सालीं शेंकडा १० प्रमाणें व्याज १२,००० रुपये. हीच जागा दुसऱ्यास दिली असती तर महिना २,००० रुपये भाडें आलें असतें असें समजूं. तेव्हां एकही गाडी न धुतां वर्षास अंगावर पडणारा कायमचा खर्च असा:

घसारा: ३६,००० रु.
व्याज: १२,००० रु.
जागेचें भाडें: २४,००० रु.
ठराविक दुरुस्ती व देखभाल: १२,००० रु.
विजेचा स्थिर आकार, विमा व किरकोळ: ६,००० रु.
एकूण: ९०,००० रु.

हा खर्च वांटावयाचा कशावर, हा पुढचा प्रश्न. दुकान उघडें राहिलें त्या तासांवर तो वांटणें ही चूक होय. ज्या तासांत गाडी रॅम्पवर होती तेवढेच तास धरावे. सुगीचे दिवस, मुसळधार पाऊस, वीज नसणें व घरचीं कार्यें वगळून वर्षांत २५० दिवस काम झालें, व दिवसभर बसून सरासरी चार तास प्रत्यक्ष धुणें झालें, तर वर्षाचे १,००० तास भरतात. म्हणजे कायमचा खर्च तासास ९० रुपये. राबणाऱ्याची मजुरी दिवसास ५०० रुपये धरली तर तीही त्या चार तासांतूनच निघावयास पाहिजे; म्हणजे तासास १२५ रुपये. वीज, शांपू, फडकीं वगैरे चालू खर्च तासास ५० रुपये धरूं. एकूण २६५ रुपये. आजारपण, बुडीत उधारी व अनपेक्षित मोडतोड यांसाठीं त्यावर शेंकडा १५, म्हणजे सुमारें ४० रुपये, चढविले कीं तासाचा दर ३०५ रुपये येतो. मोटारसायकलीस वीस मिनिटें लागत असतील तर तिचा दर सुमारें १०० रुपये. मोटारीस पाऊण तास लागत असेल तर सुमारें २३०. आणि चिखलानें भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीस सवा तास लागत असेल तर सुमारें ३८० रुपये.

आतां शेजाऱ्याची पाटी पाहून जो मोटारसायकल ६० रुपयांत धुतो त्याची स्थिति पाहा. तासास तीन गाड्या धुऊन त्यास १८० रुपये मिळतात. ५० रुपये चालू खर्च जाऊन १३० उरतात, व चार तासांचे ५२० होतात. मजुरीपेक्षां वीस रुपये अधिकच मिळाले, असें समजून तो संतुष्ट असतो. परंतु त्या ५२० पैकीं ३६० रुपये पंपाचे, रॅम्पचे व जागेचे आहेत. त्याच्या दिवसाच्या श्रमाचे उरले १६०! उरलेली रक्कम म्हणून जी त्यानें घरांत खर्चिली, ती वास्तविक पंपाची किंमत होती.

पाण्याचाही असाच प्रकार आहे. मिनिटास १५ लिटर पाणी फेंकणारा पंप तासांत अर्धा वेळ चालला तरी ४५० लिटर पाणी खर्ची पडतें. विहिरीस पाणी आहे तोंवर हें जाणवत नाहीं; पण उन्हाळ्यांत ५,००० लिटरचा टँकर १,००० रुपयांस घ्यावा लागला तर तासास ९० रुपयांची भर पडते. सबब उन्हाळ्याचा दर निराळा असावा व तो आधींच पाटीवर लिहावा. नोझल झिजलें म्हणजे त्याचें भोंक मोठें होऊन दाब कमी होतो व पाणी अधिक लागतें. तेव्हां नोझल वेळेवर बदलणें हीही काटकसरच समजावी.

विजेविषयीं एक इशारा देणें आम्हांस अवश्य वाटतें. शेतीपंपाची सवलतीची जोडणी या धंद्यास वापरणें म्हणजे स्वस्ताई नव्हे. वीज कायदा, २००३, याच्या कलम १२६ प्रमाणें, मंजूर कामाहून निराळ्या कामास वीज वापरल्यास लागू दराच्या दुप्पट दरानें आकारणी होऊं शकते. धंद्याची जोडणी निराळी घ्यावी व तिचाच दर हिशेबांत धरावा.

कोणी म्हणतील, इतका दर लावल्यास गिऱ्हाईक येणार नाहीं. यांत तथ्य आहे. म्हणून दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली अशी कीं, खरा शत्रु रिकामा रॅम्प होय. दिवसास चारऐवजीं दोनच तास काम मिळालें, तर कायमचा खर्च तासास १८० व मजुरी २५० होऊन चालू खर्चासह ४८० रुपये पडतात. इतका दर कोणी देणार नाहीं. तेव्हां ज्या ठिकाणीं चार तासांचें काम मिळण्याचा संभव नाहीं तेथें रॅम्प बांधूंच नये. दुसरी गोष्ट अशी कीं, रिकाम्या वेळेचें काम कमी दरानें घेण्यास हरकत नाहीं. दूधसंकलनाचीं वाहनें वा ऊसवाहतुकीचे ट्रॅक्टर ठरलेल्या रिकाम्या वेळीं नेमानें येत असतील, तर तासास २०० रुपयेही पत्करावे. कारण चालू खर्चाचे ५० जाऊन १५० रुपये कायमच्या खर्चास व मजुरीस लागतात. मात्र खंडेनवमीच्या आदल्या दिवशीं, रांग लागलेली असतां, ही सवलत देणें म्हणजे पूर्ण दराचें गिऱ्हाईक परत लावणें होय.

पंप गाडीवर घालून कोणाचा गोठा किंवा कोंबड्यांची शेड धुण्यास जावयाचें असल्यास जाण्या-येण्याचा वेळ व इंधन हीं निराळीं आकारावीं, आणि काम कितीही लहान असलें तरी एक किमान रक्कम ठरवून ठेवावी. नातलगाकडून पैसे घ्यावयाचे नसतील तर न घ्यावे. पण ती धुलाई वहींत अवश्य लिहावी, म्हणजे आपण वर्षांत किती दिलें हें कळेल.

शेवटीं करावयाचें तें थोडकेंच. रोज गाडी, लागलेला वेळ व मिळालेली रक्कम वहींत टिपावी. घसाऱ्याची रक्कम, वरील उदाहरणांत महिना ३,००० रुपये, निराळ्या खात्यांत भरावी व तिला घरखर्चासाठीं हात लावूं नये. सहा महिन्यांनीं आपले खरे तास मोजून दर पुन्हां तपासावा. असें केलें तर पंप थकेल त्या दिवशीं नव्या पंपाची रक्कम तयार असेल, आणि ती उभी करण्यास गोठ्यांतील म्हैस बाजारांत न्यावी लागणार नाहीं.