बंगला आहे, पण वेळ?

कुत्र्याला नवं घर शोधतोय असं जाहीर केलं की पहिला फोन ठरलेला असतो. ‘आमचा बंगला आहे, आवार मोठं आहे.’ दुसरा त्याहून उदार असतो. ‘गावाला शेत आहे, तिकडे सोडा, मजेत राहील.’ सोडवून आणलेली बॉर्डर कॉली पदरात असेल, तर हे दोन्ही फोन बहुधा नम्रपणे नाकारावे लागतात.

आपल्या धनगरांचा कुत्रा राखणीचा. रात्री लांडगा आला की अंगावर धावून जायचं, एरवी पडून राहायचं. कॉलीचं काम निराळं. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरच्या टेकड्यांत तिने लांबून वळसा घालून विखुरलेल्या मेंढ्या मालकापुढे आणून उभ्या करायच्या. आजच्या बॉर्डर कॉलींचा मूळपुरुष मानला जाणारा ‘ओल्ड हेम्प’ १८९३ साली नॉर्दम्बरलंडमध्ये ॲडम टेल्फर यांच्याकडे जन्मला. त्याची ख्याती होती न भुंकता, नुसत्या नजरेने कळप हलवण्याची. शिकाऱ्याचं रोखून बघणं, दबकत जाणं, पाठलाग करणं एवढं माणसाने जोपासलं आणि धरून मारणं पिढ्यान्‌पिढ्या मागे सारलं.

आता ही कॉली पुण्यातल्या चौथ्या मजल्यावर आणा. सकाळी पाच-दहा मिनिटं खाली, मग दिवसभर बाल्कनी. संध्याकाळी पार्किंगमध्ये मुलं सायकली फिरवतात. तिची मान खाली जाते, पुढचा एक पंजा हवेतच थांबतो, डोळे चाकावर खिळतात. सायकल वळली की ती पुढून वळसा घालते आणि पोराच्या घोट्याला दात लावते. तिच्या लेखी मेंढी वाटेवर आणली. सोसायटीच्या ग्रुपवर मात्र ती रात्रीपर्यंत ‘चावरी’ ठरलेली असते. मग कुणीतरी तिला हायवेच्या कडेला सोडून येतं. असं उपाशी-तहानलेलं सोडून देणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. पहिल्या वेळी दंड १० ते ५० रुपये. दोन-तीन वडापावांत सुटका!

बंगला का नको? रिकाम्या आवारात कॉली एकटी खेळत बसत नाही. ती फाटकापाशी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक दुचाकीमागे कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळते, आणि महिन्याभरात तोच तिचा धंदा होतो. शेतावर तर बहुतेकदा गळ्यात साखळी आणि विहिरीजवळचा खुंटा. जुन्नर-शिरूरकडच्या उसाच्या पट्ट्यात बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्यासाठी आयतं जेवण.

‘रोज दहा किलोमीटर पळवू, थकेल’ म्हणणाऱ्यांशीही जरा बोलावं लागतं. पळवून तिचा दम वाढतो, डोकं रिकामंच राहतं. चेंडू शंभरदा फेकणं किंवा लेसरचा ठिपका भिंतीवर नाचवणं तर घातकच. काही कॉली मग सावल्या आणि उजेडाचे कवडसे तासन्‌तास न्याहाळत बसतात. तो नाद सोडवायला फार जड जातं. तिला हवं असतं काम. लपवलेला खाऊ हुंगून शोधणं, वस्तूंची नावं शिकणं, ‘थांब’ म्हटल्यावर थांबणं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन पिली यांनी चेसर नावाच्या कॉलीला हजारावर खेळण्यांची नावं शिकवली होती. आपल्याला वीस पुरेत, पण शिकवणारं माणूस रोज घरी हवं.

म्हणून जाहिरातीत ‘प्रेमळ, सगळ्यांत मिसळते’ एवढंच लिहून भागत नाही. ‘सायकलमागे लागते, लहान मुलांना टाचेवर दात लावते, एकटी ठेवली तर सोफा फाडते’ हेही लिहावं. फोन कमी येतात, आलेले कामाचे असतात. मग विचारायचं: घरात दिवसा कोण असतं? मे महिन्यात फिरायला किती वाजता नेणार? (डांबर तापायच्या आत, हे उत्तर आपणहून आलं तर निम्मी परीक्षा पास.) यापूर्वी कुत्रा होता का, त्याचं काय झालं? या शेवटच्या प्रश्नावर काही जण फोन ठेवतात. ठेवू द्यावा. घरी जाऊन बघणं आणि सगळ्या माणसांना भेटणं टाळू नये; बाबांनी हौसेने मागितलेला कुत्रा पुढे आईच्या गळ्यात पडतो, हे नेहमीचंच.

देताना लसीकरण आणि नसबंदीच्या कागदांबरोबर डॉक्टरांसाठी एक चिठ्ठी जोडावी. कॉली कुळातल्या काही कुत्र्यांत एमडीआर-१ या जनुकात दोष असतो. गोचीड-खरजेवर सर्रास दिलं जाणारं आयव्हरमेक्टिन मोठ्या मात्रेत त्यांच्या जिवावर बेततं. रफ कॉलीत हे प्रमाण फार, बॉर्डर कॉलीत कमी; तरी जनुकीय चाचणी होईपर्यंत सांभाळलेलं बरं.

पहिले काही आठवडे कॉली तात्पुरतीच द्यावी, आणि करारात लिहून घ्यावं की जमलं नाही तर ती परस्पर दुसऱ्या कुणाला न देता आपल्याकडेच परत यायची. सही करताना घरचे कुरकुरले तर पट्टा हातात ठेवूनच निघावं.